शिलेदार की शिकलगार

हरपालभाई,

तुम्ही गेल्याचं मला आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मोबाइलवर कळलं. त्यांचा भाऊ तुमच्याकडे शिकलेला. 'लातूरचे सिंग सर गेले. फिजिक्सवाले.' एवढाच मजकूर होता. मी तो दोनदा वाचला आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. फिजिक्सवाले काय म्हणून? दोन वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसून गुरुमुखी गिरवणारा, शीख इतिहासाच्या एम.ए.च्या वर्गाला वेड लावणारा माणूस फिजिक्सवाला? रडू नंतर आलं, तिसऱ्या तासाला, फळ्याकडे तोंड असताना. मुलींना कळलं नाही.

आज बारावा दिवस. तुमच्या दाढीचा, पगडीचा, लातूरच्या त्या मोठ्या हॉलचा उल्लेख असलेले पुष्कळ लेख तुमचे विद्यार्थी लिहितील. ते त्यांनी लिहावेत. मला आपल्या वर्गाबद्दल बोलायचं आहे.

पहिल्या दिवशी नांदेडला विष्णुपुरीजवळच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत तुम्ही शिरलात तेव्हा आम्ही सहाही जण उठून उभे राहिलो. पिकत आलेली दाढी, निळी पगडी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला चार पेनं. आम्हाला वाटलं प्राध्यापक आले. तुम्ही मागं वळून बघितलंत, कोण आलं म्हणून. मागं कोणीच नव्हतं. मग तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही इतके लाजलात की पहिल्याच बाकावर धपकन बसलात.

"बसा, बसा," तुम्ही म्हणालात. "मीबी शिकायलाच आलोय."

शेजारी मी होते. तुम्ही मला विचारलंत, "तुम्ही इकडं कशा?" मी सांगितलं, अब्बांचं जिल्दसाजीचं दुकान आहे, जुनी पुस्तकं, पोथ्या, वह्या बांधायला येतात. उर्दू मला शाळेत आली, थोडी मोडकीतोडकी फारसी अब्बांनी शिकवली, मराठी मी स्वतःच शिकवते. पण दुकानात शीख मंडळींच्या गुरुमुखी पोथ्या येतात आणि त्यातलं एक अक्षर मला लागत नाही. घरात आलेलं पुस्तक वाचता येत नाही, हे मला सहन होत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी एखादं अवघड गणित तोंडी सोडवलं होतं.

"लई चांगलं कारण हाय," तुम्ही म्हणालात. "माझं कारण मंग सांगतो."

पहिल्या चाचणीत गुरुमुखीच्या पेपरात मला तुमच्यापेक्षा जास्त गुण पडले. तुम्हाला पाठ सगळं होतं, पण वाचायला गेलात की नजर अक्षरांच्या पुढं पळायची. कागद बघत असायचात आणि म्हणत असायचात आठवणीतलं. दुसरं कोणी असतं तर त्यानं पेपर घडी करून खिशात घातला असता. तुम्ही माझा पेपर वर्गभर फिरवलात. "बघा," म्हणालात, "मी सरदार, ही जिल्दसाजाची पोरगी, आन् अक्षर हिचं." त्या दिवसापासून तुम्ही मला नसीम म्हणायला लागलात आणि मी तुम्हाला भाई.

तुमचं कारण तुम्ही मला एका दुपारी लातूरच्या बसची वाट बघताना सांगितलंत. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही लातूरला शिकवायचात आणि तीन दिवस इथं शिकायला यायचात.

भूकंप झाला तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांचे. नांदेड सोडून लातूरला नुकती शिकवणी सुरू केलेली, एक भाड्याची खोली आणि गोणपाटावर बसणारी मुलं. पहाटे जमीन हलली. दिवस उजाडल्यावर किल्लारीकडून बातम्या यायला लागल्या, आणि नांदेडहून शीख मंडळी लंगरचे ट्रक घेऊन निघाली. एका ट्रकवर तुमचे मोठे भाऊ जोगिंदरसिंग होते. त्यांनी तुम्हाला लातूरच्या नाक्यावर उचललं. गावाच्या जागी दगडमातीचे ढीग होते. तुम्ही त्या ढिगांबद्दल जास्त बोलला नाहीत. तुम्ही एका म्हातारीबद्दल बोललात. तिचा मुलगा गेला होता. पुढ्यात थाळी होती आणि ती जेवत नव्हती, तुमच्या पगडीकडे बघत होती.

"लेकरा, तुम्ही कोण लोक?"

"नांदेडचे हाव मावशी."

"ते झालं. कोण लोक?"

"शीख."

"म्हंजे कोण? हितं कसे आले? कवा आले?"

तुमच्या हातात वरणाची बादली, मागं रांग. "मंग सांगतो मावशी, आधी दोन घास खा," असं म्हणून तुम्ही पुढं सरकलात.

"तिचं एवढं गेलं व्हतं, तरी तिला आमच्याबद्दल जाणून घ्यायचं व्हतं," तुम्ही मला म्हणालात. "आन् माझ्याकडं उत्तर न्हवतं नसीम. बादली व्हती म्हणून वाचलो."

त्यानंतर लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. खोलीचा हॉल झाला, हॉलचे तीन हॉल झाले, गल्ल्यागल्ल्यांत मुलांच्या खोल्या आणि मेस झाल्या. शेवटच्या रांगेतल्या मुलाला तुम्ही दिसायचा नाहीत, पडद्यावरचं तुमचं चित्र दिसायचं. त्या गर्दीत तुम्ही नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात सणासुदीलाच यायला लागलात. "वीस-बावीस वर्षं मी असेच प्रश्न शिकवले, ज्यांचं उत्तर पुस्तकाच्या मागं दिलेलं असतं," तुम्ही म्हणालात. "म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागं न्हवतं." मग बस आली. तुम्ही चढलात आणि खिडकीतून ओरडून सांगितलंत की उद्याची टिपणं माझ्यासाठी काढून ठेव.

हरपालभाई, अभ्यासात इतकी मजा असते हे मला तुमच्यामुळे कळलं. मराठी मुलखातून पंजाबात गेलेल्या संतांची पदं शिकायला लागलो तो दिवस आठवतो? तुम्ही ती पदं लहानपणापासून म्हणत आलेले, सगळे शब्द पंजाबी समजून. आपल्या विभागप्रमुख मॅडमनी एका शब्दाखाली रेघ मारली आणि मला विचारलं, "नसीम, हा कुठला?" मी म्हणाले, "मॅडम, हा तर मराठी. आमच्या शेजारच्या काकू रोज बोलतात." तुम्ही ताडकन उठलात. पुढचा शब्द तुम्हीच वाचलात, त्याच्या पुढचाही. मग परवानगी न घेता व्हरांड्यात गेलात आणि भावाला फोन लावलात. आतपर्यंत ऐकू येत होतं. "भाऊ, आपण इतकी वर्षं मराठीच म्हणून राहिलो होतो की." मॅडम हसल्या आणि तुम्ही परत येईपर्यंत तास थांबवला.

पहिलं वर्ष संपलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता थोडंफार उत्तर देता येईल, चल, त्या गावाला जाऊ. अब्बा पण सोबत आले. नवीन वसवलेलं गाव, एका ओळीत सारखी घरं, प्रत्येक अंगणात कडुनिंब वाढलेला. म्हातारी कधीच गेली होती. तिची सून दारात भाकरीचं पीठ मळायला बसली होती. तुम्ही ओळख दिलीत. ती म्हणाली, "सासूबाई जाऊन लई साल झाले. मला सांगा की. मीबी तितंच व्हते, रांगेत."

तुम्ही दोन तास सांगितलंत. मी तुमचा वर्ग लातूरला कधी बघितला नाही, पण त्या दिवशी बघितला. तिनं पिठाची परात पुढं केली आणि तुम्ही पिठात बोटानं नकाशा काढलात. हा पंजाब, ही आपली गोदावरी, हे नांदेड. गुरू इथवर कसे आले, त्यांच्यामागं माणसं कशी राहिली, मग पुढं निजामाच्या काळात लाहोरकडून फौजा आल्या त्या कशा इथंच रमल्या, मुलंबाळं दखनी बोलायला लागली. शेवटी छाती जरा पुढं काढून तुम्ही म्हणालात, "आन् आमचे खापरपणजे त्या फौजेत शिलेदार व्हते. घोड्यावर आले."

ती बाई पिठाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग ते घोडे कुठं गेले?"

अब्बा मोठ्यानं हसले. तुम्ही हसला नाहीत. वही काढून तुम्ही तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलंत. परतीच्या वाटेवर तुमचा लघुप्रबंधाचा विषय ठरला होता. नांदेड आणि देगलूरकडच्या दखनी शीख घराण्यांचा इतिहास, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून. घोडे शोधायचे.

सहा महिने तुम्ही घोडे शोधलेत. देगलूरला किती खेपा झाल्या. तिकडचे म्हातारे तुमच्याशी तेलुगूत सुरू करायचे, मराठीत यायचे आणि दखनीत संपवायचे, आणि तुम्ही ते तिन्ही भाषांतलं लिहून आणायचात. फौजेच्या आठवणी मिळाल्या, जुनी विहीर मिळाली, तुमच्या घराण्याचं नाव मिळालं. पागा मिळाली नाही, घोडा मिळाला नाही. मी चिडवायचे, तुमचे शिलेदार पायी आले असतील.

मग पोथी आली.

तुमच्या घरची नित्याच्या पाठाची हस्तलिखित पोथी, मोठ्या भावाच्या घरी असलेली. शिवण सुटली होती, पानं निसटत होती. जोगिंदरसिंग ती कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हते. शेवटी दिली ती एका अटीवर. फक्त शिवण करायची, आतलं काही हलवायचं नाही. तुम्ही हो म्हणून आलात. अब्बांनी हात धुतले, डोक्यावर टोपी घातली, स्वच्छ चादर अंथरली आणि रुमालातली पोथी उघडली. थंडीचे दिवस होते, दुकानात सकाळचं ऊन आलं होतं. शेवटच्या पानावरून अब्बांनी बोट फिरवलं आणि थांबले.

"ये कागज बाद में लगाए सो है," ते म्हणाले. "खळ अलग है. बाकी पोथी पुरानी खळ की. ये मैदे की, अपनेच जमाने की."

म्हणजे शेवटच्या पानावर कोणीतरी नंतर कोरा कागद चिकटवला होता. अब्बांनी पान उजेडात धरलं. कोऱ्या कागदाच्या खाली अक्षरांच्या सावल्या दिसत होत्या, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या. तुम्ही उभे होतात ते स्टुलावर बसलात. अब्बा म्हणाले, मालकाला विचारल्याशिवाय मी कागद काढत नाही. तुम्ही मोबाइल हातात घेतलात, बराच वेळ तसाच धरलात आणि खिशात ठेवलात.

"काढा चाचा," तुम्ही म्हणालात. "भावाला मी सांगतो."

तुम्ही शब्द मोडलात, हरपालभाई. मी तिथं होते आणि मी तुम्हाला अडवलं नाही, कारण मलाही ते अक्षर बघायचं होतं. हे मी आज लिहून ठेवते.

ओल्या फडक्याखाली कागद अर्धा तास भिजला. मग अब्बांनी तो साय काढावी तसा उचलला. खाली फारसी लिपीत पाच ओळी. ही पोथी अमुक सिंगांसाठी लिहिली, राहणार देगलूर, पुढं त्यांचा पेशा, मग लिहिणाऱ्याची प्रार्थना. नाव तुमच्या खापरपणजोबांचंच होतं. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतात. पेशाचा शब्द घाईच्या वळणाचा होता आणि खळीनं पसरला होता.

"सिलहदार," तुम्ही म्हणालात. "म्हंजे शिलेदार. बघ की, लिहिलंय."

"पहिलं अक्षर सीन नाही भाई. स्वाद आहे. आणि मधे काफ आहे. सैकलगर."

"म्हंजे?"

"सैकल म्हणजे चकाकी. हत्यारं घासून पुसून धार लावणारा. आपण मराठीत शिकलगार म्हणतो."

मला वाटलं तुम्ही खचाल. तुमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट एका अक्षरानं गेली होती. तुम्ही पुन्हा वाकलात. तो शब्द मला तीनदा सुटा करून लिहायला लावलात. मग तुम्ही हसायला लागलात.

"म्हणून घोडे सापडेनात," तुम्ही म्हणालात. "नसीम, घोडे व्हतेच न्हाई."

आणि मग तुम्ही दुकानात फेऱ्या मारत बोलत सुटलात. शिलेदार कुठंही जातो, त्याचा पत्ता लागत नाही. शिकलगार काम असेल तिथं बसतो, त्याच्या भट्टीची जागा ठरलेली असते, त्याला कोळसा देणारा, लोखंड देणारा असतो, त्यांच्या वह्या असतात. आपण फौजेच्या कागदांत शोधत होतो, कारखान्याच्या कागदांत शोधायला पाहिजे. "आपण भलत्याच दिशेला पहारा देऊन राहिलो होतो," तुम्ही म्हणालात. अब्बांनी चहा मागवला तो तुम्ही उभ्यानंच प्यायलात. एवढा आनंदी माणूस मी त्या दुकानात कधी बघितला नव्हता. जाताना दारात थांबून म्हणालात, "त्या बाईकडं परत जावं लागंल. तिला मी चुकीचं सांगितलं."

पुढचे दोन महिने आपण झपाटल्यासारखे होतो. तुमचा अंदाज बरोबर निघाला. देगलूरच्या एका जुन्या लोखंडविक्या घराण्याकडे उर्दू वह्या मिळाल्या, मी वाचायचे, तुम्ही लिहायचात, आणि एका पानावर तुमच्या खापरपणजोबांचं नाव पुन्हा भेटलं, तलवारी आणि पात्यांच्या संगतीत. मी ओरडले नाही, फक्त बोट ठेवलं. तुम्ही त्या पानाला नमस्कार केलात.

मग चौथं प्रकरण आलं. पोथीवरचं, झाकलेल्या पानावरचं. ते तुम्ही लिहायला घेतलंत आणि एका रविवारी भावाकडे जाऊन कागद काढल्याचं सांगून आलात. त्यानंतर तुमची गती गेली. दर रविवारी तुम्ही भावाकडे जायचात आणि सोमवारी प्रकरण होतं तिथंच. लघुप्रबंध देण्याची मुदत जवळ आली. मी विचारलं की तुम्ही विषय बदलायचात.

तो मंगळवार. विभागाच्या व्हरांड्यात आपण डबे उघडून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "चौथं प्रकरण आत्ता देऊ नये म्हणतो. थोडं थांबावं."

मी म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर पोरांना सांगितलं, उत्तर आलं तसं लिहा. आता स्वतःचं उत्तर घरच्यांना आवडेना म्हणून पान फाडताय?"

"फाडत न्हाई नसीम. थांबून राहिलो."

"कशासाठी?"

"भावासाठी."

"त्यांना लाज वाटते शिकलगार म्हणवून घ्यायची, आणि तुम्हाला त्यांची भीती. माझा बाप खळ शिजवतो, चामडं कापतो, मला कधी लाज वाटली नाही. भित्रे आहात तुम्ही."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हाव," म्हणालात. "आसंल." मग रोजच्यासारखा अर्धा पराठा माझ्या डब्याकडे सरकवलात. मी घेतला नाही.

त्यानंतर मी आठ दिवस विभागात आले नाही. तुम्ही दोनदा फोन केलात. रविवारी संध्याकाळी एकदा आणि सोमवारी सकाळी एकदा. मी वाजू दिला. बुधवारी लातूरला, सकाळच्या दोन बॅचच्या मधे, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. मुलांना वाटलं सर डोळे मिटून बसलेत.

तुमच्या घरी पाठाचा भोग पडला, म्हणजे समाप्ती झाली, त्या दिवशी मी आले होते. बायकांच्या बाजूला मागं बसले. जोगिंदरसिंग माझ्याकडे सारखे बघत होते. मला वाटलं, ह्यांच्या मनात तो कागद आहे. मी लंगरला न थांबता निघून आले.

काल दुपारी ते आमच्या दुकानात आले. तुम्ही सांगायचात तसेच आहेत, उंच, सावकाश बोलणारे, लेथवर आयुष्य गेल्यामुळे ऐकायला जरा कमी. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली पोथी होती, शिवण अर्धी असतानाच त्यांनी परत मागवलेली, आणि बगलेत तुमची फाईल. अब्बांनी हात धुतले. मी उभी राहिले. ते बसले आणि कोणी न विचारता बोलायला लागले.

"तो कागद आमच्या बापूजींनी लावला," ते म्हणाले. "खळ मी शिजवली. दहा वर्षांचा व्हतो. हरपाल पाळण्यात व्हता."

आत्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. हैदराबादचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यातल्या एकाला उर्दू-फारसी चांगली यायची, आणि आले की पोथीला माथा टेकणार. तोवर बापूजींनी सगळ्यांना शिलेदार म्हणूनच सांगितलेलं. त्यांना ते पान कोणी वाचू नये असं वाटलं. त्यांनी कागद लावला आणि मोठ्या मुलाकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही, धाकट्यालाही नाही.

"ह्यानं येऊन मला सांगितलं, भाऊ, मी कागद काढला, माझी चूक झाली. मी लई बोललो त्याला. मंग मीच रडलो. सगळं सांगितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलं व्हतं. दुसऱ्या रविवारी परत आला. रागावला आसंल म्हणलं. तर म्हणतो, भाऊ, खळ कशी शिजवली ते सांगा. मैदा किती, पाणी किती. बापूजी काय बोलले. वहीत लिहून घेतो. पाच रविवार आला. मी म्हणलो, लिही, पण माझं नाव नको. तो म्हणला, तुम्हाला सोडून मी लिहीत न्हाई. थांबतो."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी बी तेच विचारलं. म्हणला, तुमची शपथ हाय भाऊ, सुटली की सांगतो." आणि मग जोगिंदरसिंग चक्क हसले. "म्हणला, ती मला भित्रा म्हणून राहिली. म्हणू दे म्हणला. तिचा बाप जिल्दसाज हाय, तिला झाकलेलं पान सहन होत न्हाई."

त्या शेवटच्या रविवारी दुपारी त्यांनी तुम्हाला सांगितलं, जा, लिही, माझ्या नावासकट. तुमचा पहिला फोन त्याच संध्याकाळचा.

हरपालभाई, ते दोन फोन कशाचे होते ते मला आता माहीत आहे. तुम्ही किती खूश असाल आणि खिडकीतून ओरडता तसं काय काय सांगणार होतात, तेही मला ऐकू येतं. मी तुम्हाला भित्रे म्हणाले. तुम्ही पानही फाडत नव्हतात आणि भावालाही मागं टाकत नव्हतात, दोन्ही हातांनी धरून उभे होतात. मी एकच हात बघितला. मला माफ करा. हे तोंडावर म्हणायला हवं होतं.

फाईल मी तिथंच उघडली. चौथं प्रकरण पुरं झालेलं आहे. तुमच्या त्या बारीक अक्षरात, सोमवारी आणि मंगळवारी लिहिलेलं असणार. मी उभ्यानंच वाचत गेले. तुम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, पान कोणी लिहिलं आणि पान कोणी झाकलं. झाकणाऱ्याला तुम्ही गुन्हेगार केलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की घराण्याचा इतिहास त्या पाच ओळींत आहे तेवढाच वर चिकटवलेल्या कोऱ्या कागदातही आहे, आणि तो कागदही जपून ठेवायला हवा. खाली टीप आहे: माहिती जोगिंदरसिंग यांची, कागद लावताना स्वतः हजर. इतकं चांगलं मी आपल्या वर्गात दुसऱ्या कोणाचं वाचलेलं नाही. मलाही असं लिहिता आलं नसतं.

आज सकाळी ती फाईल मी मॅडमना दिली. पदवीचं काय होईल ते त्यांना आत्ता सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, ठेवून जा, पुढचं मी बघते. मी जिना उतरेपर्यंत त्यांनी वाचायला सुरुवात केली होती. त्या देगलूरच्या वह्यांची अजून बरीच पानं वाचायची राहिली आहेत. ती मी वाचणार आहे. त्यावर पीएच.डी.चा अर्ज करायचा असं मॅडमना सांगूनही आले, आणि सांगताना मला हसू येत होतं, तुमच्यासारखं.

पण कालचं थोडं राहिलं. अब्बांनी पोथीची शिवण पुरी केली. मग तो काढलेला कोरा कागद, जो त्यांनी घडी न घालता जपून ठेवला होता, जोगिंदरसिंगांच्या समोर धरला आणि विचारलं, "ये वापस लगाऊं?"

"न्हाई चाचा," ते म्हणाले. "उघडं राहू द्या." कागद त्यांनी तुमच्या फाइलीत ठेवायला सांगितला.

मग ते माझ्याकडे वळले. "बेटी, मला उर्दू येत न्हाई. मी ते झाकलं, पण वाचलं कधी न्हाई. काय लिहिलंय ते वाचून दाखव."

मी डोक्यावर ओढणी घेतली आणि वाचलं. पाच ओळी, सावकाश, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पेशाच्या शब्दाशी मी थांबले. त्यांनी ओठ हलवले आणि तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज जाईपर्यंत ते थांबले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून."